ओलीतली पेरणी

प्रिय ताई,

हे पत्र तू एकटी असताना वाच. सुनेच्या हातात देऊ नकोस, दाजींच्याही नको. म्हणून तर अक्षर मोठं आणि सुटं काढलंय. तू पाचवीतच शाळा सोडलीस, पण वाचण्यात तू माझ्यापुढेच होतीस. मला पहिली अक्षरं तूच शिकवलीस, अंगणातल्या वाळूत काटकीने काढून, आणि मी चुकलो की काटकी माझ्या पोटरीवर बसायची. एखादं अक्षर अडलं तर थांबू नकोस, पुढे जा, अर्थ आपोआप लागेल. हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू सगळ्यात आधी विचारतेस, "जेवलास का रे?" आणि मग मी भलतंच बोलायला लागतो. गेल्या दहा दिवसांत तीनदा फोन केला तुला. तिन्ही वेळा आमच्या नव्या कोकराबद्दल बोललो आणि ठेवून दिला.

इकडे तसं ठीक आहे. तुझ्या भावजयीचा, छ्याओल्येनचा, गुडघा थंडीत धरला होता, आता ऊन पडल्यावर मोकळा झालाय. हिवाळ्यात बर्फ दोनदाच पडला, तोही नावाला. अंगणातल्या हौदात गुडघाभर पाणी उरलंय, ते आम्ही पिण्यापुरतं ठेवतो. परवा असा वारा सुटला की दुपारी बारा वाजता दिवा लावून शेवया कराव्या लागल्या, आणि खाताना दाताखाली वाळू ती वाळूच. छ्याओल्येन म्हणाली, "मीठ कमी घातलं तरी चाललं असतं." कालव्याच्या पाण्यावर मका पेरून झालाय. उपसा योजनेचं पाणी आमच्या वाटेला वीस दिवसांनी एकदा येतं. ते आलं की पाट फुटेल या धास्तीने सगळं गाव बांधावर उभं असतं. डोंगरामागे मात्र कालवा नाही. तिकडे बाबांचं रान तसंच पडून आहे.

त्या रानाबद्दलच लिहायचंय, ताई. गुडघा, वारा, मका हे सगळं मी वेळ काढायला लिहिलं.

सामुदायिक शेती मोडून जमीन घराघरांत वाटली गेली त्या वर्षीचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तू तेरा वर्षांची होतीस, मी दहाचा. चिठ्ठीत आपल्या वाटेला डोंगरामागची आठ मू जमीन आली, उघडी, उतरती, खारट. चिठ्ठी वाचून सगळी माणसं हसली होती. कोणीतरी बाबांना म्हणालं, "दोउ, तुला जमीन नाही मिळाली, वारा मिळाला!" बाबा म्हणाले, "वारा माती नेतो. गोटे नेऊन दाखव म्हणावं." आमच्या पंचक्रोशीत गोट्यांची रानं आजा-पणजाच्या काळापासून होती, पण ती सगळी घातलेली, आयती. नवीन घालायची हिंमत कोणी करत नव्हतं. वर्षाला वीतभर पाऊस, तोही दोन-तीन सरींत. ती सर मातीत मुरवायची आणि उन्हाला परत घेऊ द्यायची नाही, तर मातीवर चार बोटं जाडीचा गोट्यांचा थर हवा. आठ मूवर चार बोटं. कोरड्या नदीच्या काठाला खणून, चाळून, कावडीने डोंगर चढवून न्यायचा. बाबांनी हिशेब केला आणि म्हणाले, चार हिवाळे. मग आईकडे बघून म्हणाले, "एक पोर शाळेत जाईल, एक कावडीला लागेल. दोन्ही शाळेत घालून रान होत नाही." कुठलं पोर शाळेत जाणार हे कोणी विचारलंच नाही. तू दप्तर मला दिलंस. त्यात तुझी अर्धी वापरलेली वही होती. उरलेली अर्धी मी वापरली.

चार हिवाळे तू आणि बाबा. मी सुटीच्या दिवशी यायचो, चाळणी धरायचो आणि हात गारठले म्हणून कुरकुर करायचो. दुसऱ्या हिवाळ्यात नदीकाठचा खड्डा ढासळला, तू कमरेपर्यंत गाडली गेलीस आणि वरून आलेल्या दगडाने तुझं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाबांनी तुला नुसत्या हातांनी उकरून काढलं, त्यांची दोन नखं गेली. मी घरी आलो तेव्हा तू घरात, निजायच्या उबदार ओट्यावर भिंतीला टेकून बसली होतीस, खांदा फळीला बांधलेला, आणि मला म्हणालीस, "आज शाळेत काय शिकवलं ते सांग." तीन आठवड्यांनी तू परत चाळणीला लागलीस. कावड उजव्या खांद्यावर घ्यायला शिकलीस. पाचव्या वर्षी पहिली कलिंगडं आली. बाबांनी पहिलं फळ रानातच फोडलं आणि मधला लाल गाभा मला दिला. तुला सालीकडचं मिळालं. "गोड आहे गं, शप्पत," तू आईला सांगत होतीस, आणि मी गाभा खात तुझ्याकडे बघत होतो, एवढंही न सुचता की अर्धा तुला द्यावा.

आपल्याकडे म्हणतात ना, घालणारा राबून मेला, त्याचा मुलगा खाऊन जगला, नातू उपाशी निजला. गोट्यांचं रान तीस-चाळीस वर्षं टिकतं, नीट राखलं तर त्याहून जास्त. त्यानंतर माती गोट्यांत चढते आणि रान म्हातारं होतं. बाबा हे म्हणायचे ते अभिमानाने म्हणायचे. त्यांना राबून मरायचं होतंच. फक्त त्यांची अट एवढी, की मधल्या माणसाने नीट वागावं. माती आणि गोटे यांची भेट होऊ द्यायची नाही. नांगर कधीच नाही. ओल असताना पाय नाही, जनावर तर नाहीच. पेरताना गोटे हाताने बाजूला सारायचे, बी टाकायचं, गोटे परत ओढायचे, मुलाला पांघरूण घालावं तसे.

मधला माणूस मी. शिकून मोठा होणार होतो, बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. घरी आलो तेव्हा तुझं लग्न ठरलं होतं. निघायच्या सकाळी तू लाल कपड्यांत डोंगरामागे जाऊन आलीस, पायांना धूळ घेऊन, आणि आई ओरडली, "नवरीने असं भटकतात का गं?" तू म्हणालीस, "बघून आले एकदा." रान मला मिळालं. तुला दोन रजया आणि एक आरसा मिळाला. रिवाजच तसा, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते रान नकोच होतं. त्यात मी नापास झाल्याचा वास यायचा.

आता त्या वर्षावर येतो. बाबा ओट्यावरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड गेलं ते वर्ष. वसंत होता, पेरणी तोंडावर, आणि अचानक चांगली सर येऊन गेली. बाबा तालुक्याच्या दवाखान्यात, मी त्यांच्यापाशी आणि घरी असा फिरतोय. तू गाढवावर बी आणि फळ्या लादून सासरहून चालत आलीस. तुझ्या घरची पेरणीही खोळंबली होती, तुला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. रानाच्या कडेला बसून तू गोटे सारलेस, मूठभर माती दाबून पाहिलीस आणि मला विचारलंस, "अजून जरा ओली वाटते रे. एक दिवस थांबू का? चालेल ना?" मला दवाखान्यात जायची घाई होती. मी म्हणालो, "चालेल गं, पेर." हे तू विसरलीस की तुला आठवतं आणि तू बोलत नाहीस, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विसरलेलो नाही. तू गाढवाला बाहेरच बांधलंस, बी स्वतः आत वाहिलंस आणि गोट्यांवर फळ्या टाकून, त्यांवरूनच हाताने पेरलंस. मी परत आलो तेव्हा तू निघून गेली होतीस आणि रानावर एक खूर उमटलेला नव्हता. त्या उन्हाळ्यात कलिंगडं लहान आली पण आली, वेल हिरवे होते, खालची माती काळी आणि ओलसर होती. तुझ्या पेरणीने त्या रानाला काहीही झालं नव्हतं. हे वाक्य पुन्हा वाच, ताई.

बाबा घरी आले, पण ओट्यावरच. डोंगरामागे जाणं त्यांच्या पायांत नव्हतं. त्या उन्हाळ्यात दोन सरी आल्या, त्या आवाजाने ओळखून ते मला सांगायचे, "आता दोन दिवस कोणी रानात जाऊ नका." कलिंगडं काढून झाल्यावर त्यांनी मला बसवून सांगितलं, "चंगवन, वीस वर्षं झाली. धूळ बसून गोट्यांत माती चढायला लागली असेल. या हिवाळ्यात वरचे गोटे उचल, चाळ, परत घाल. एकट्याने होणार नाही, माइस्वेला बोलाव, ती जाणते." मी "हो" म्हटलं. मनात होतं की या हिवाळ्यात मी शहरात बांधकामावर जाणार. गावातली सगळी माझ्या वयाची माणसं जात होती आणि परतताना चामड्याचे बूट घालून येत होती. मी पुन्हा चाळणीला बसणार, तेही तुला मदतीला बोलावून, हे मला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

नदीपलीकडचा च्याओ नावाचा एक माणूस रोटाव्हेटर घेऊन फिरत होता, सपाटीवरची मक्याची शेतं करत. त्याला मीच हाक मारली. त्याने रान पाहिलं, बुटाने गोटे उडवले आणि म्हणाला, "असलं काही मी केलेलं नाही." मी म्हणालो, "चार हिवाळ्यांचं काम आहे हे, वरवर फिरव. गोटे हलके झाले की झालं." तो म्हणाला, "मालक तू. तुझे चार हिवाळे मी जेवणाच्या आधी संपवतो." मग हसला. त्याचा काही दोष नाही. पहिल्याच तासाला मला कळलं होतं, ताई. यंत्र इकडून तिकडे एकदा गेलं आणि मागे वळून पाहतो तर खालची काळी ओल वर आलेली, उन्हात वाफाळत होती, आणि गोटे तिच्यात बुडत होते. च्याओ बांधावर थांबला आणि मोठ्याने ओरडला, "अरे, हे बरोबर आहे ना? थांबवू का?" एक तास गेला होता, एकच. आठ मूतली एक पट्टी. मी हात वर केला असता तर बाकीचं वाचलं असतं. पण हात वर करणं म्हणजे मी चुकलो हे त्या परक्या माणसापुढे कबूल करणं. मी ओरडलो, "बरोबर आहे, चालू दे." आणि त्याने दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

आई जेवण घेऊन आली होती. कधी आली मला दिसलं नाही. यंत्र थांबलं तेव्हा ती बांधावर बसलेली, राळ्याच्या पेजेचं भांडं मांडीत, झाकण उघडलेलं नाही. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "पोरी, पोरी," एवढंच, आणि तू तिथे नव्हतीस. पुढचे आठ दिवस मी ते रान दाताळ्याने ओढत होतो, गोटे वर काढायचा प्रयत्न करत. चिखलातून तांदूळ वेचावे तसं. मग एक सर आली आणि सगळं घट्ट बसलं. शहरात गेलो नाही. बूट आणले नाहीत.

शरदाच्या शेवटी बाबा काठी घेऊन निघाले. आई म्हणाली, "थंडी आहे, उद्या जा." ते म्हणाले, "उद्याही थंडीच असणार." अर्ध्या तासाच्या वाटेला त्यांना सकाळ गेली. मी मागून चालत होतो आणि वाटेत त्यांचा तोल जावा, आम्हाला परतावं लागावं, असं इच्छित होतो. रानाच्या कडेला ते खाली बसले, हात खुपसला, मूठ बाहेर काढली. गोटे आणि माती एकत्र. बराच वेळ त्यांनी मूठ उघडली नाही. मग विचारलं, "हे काय झालं?" माझ्याजवळ खरं उत्तर होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "ताईने वसंतात ओलीत पेरलं. गाढव आत घातलं होतं. माती तेव्हाच वर आली, मग पावसाने चढतच गेली." बाबा म्हणाले, "माइस्वेने? गाढव घातलं?" मी म्हणालो, "तिला घाई होती. तिच्या घरची पेरणी राहिली होती." उठताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला. ताई, त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला आणि मी तो दिला.

गाढवाचं मी रचलं. घाईचं खरं होतं, ओल थोडी खरी होती, म्हणून खोटं टिकलं. शंभर टक्के खोटं बाबांनी त्याच दिवशी पकडलं असतं. आईने घरी आल्यावर भांडी घासताना मला विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?" मी सांगितलं. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. म्हणाली, "केलंस ते केलंस. पण लेकीच्या माथी?" मग स्वतःच म्हणाली, "ती दुसऱ्या घरी आहे. तुला याच घरात राहायचंय," आणि भांडं घासायला लागली. तिच्यावर रागावू नकोस. तिला म्हातारपण माझ्या ओट्यावर काढायचं होतं. मी तिला निवड करायला लावली, हा दोषही माझाच.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात तशी तू आलीस, लाल ठिपक्याचे वाफवलेले पाव घेऊन. बाबा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू म्हणालीस, "बाबा, मी आलेय." ते हलले नाहीत. तू म्हणालीस, "बाबा, झोपलात का?" आई म्हणाली, "पाय दुखतोय त्यांचा." तू माझ्याकडे पाहिलंस. मी चुलीत लाकूड सारत होतो, सारतच राहिलो. मग मी तुला अंगणात नेऊन सांगितलं, "रान गेलं, ताई. बाबांना वाटतं ओलीत पेरल्याने गेलं." "बाबांना वाटतं" म्हणालो मी! तू हौदाच्या झाकणावर बसलीस. तू भांडली असतीस, "मी फळ्या टाकल्या होत्या, मी गाढव बाहेर बांधलं होतं," असं म्हणाली असतीस, तर कदाचित मी कोसळलो असतो आणि सगळं बोललो असतो. पण तू म्हणालीस, "एक दिवस थांबायला हवं होतं मी." पाव परत नेले नाहीस. ते आम्ही चार दिवस खाल्ले. बाबांनी एकही खाल्ला नाही.

यापुढचं मला लिहिता येत नाही, पण लिहायला घेतलंय तर लिहितो. त्यानंतरच्या वर्षी थंडीत बाबांचा श्वास अडकायला लागला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "माइस्वेला बोलाव. एकच विचारायचंय तिला." मी विचारलं, "काय?" ते म्हणाले, "ती फळ्या टाकल्याशिवाय कधी रानात उतरली नाही. चार हिवाळ्यांत एकदाही नाही. मग त्या दिवशी गाढव कसं घातलं? तेवढं तिच्या तोंडून ऐकायचंय." ताई, ते वर्षभराहून जास्त भिंतीकडे तोंड करून हाच विचार करत होते. मी म्हणालो, "कळवतो." दुकानात फोन होता, तुमच्या गावच्या दुकानातही होता. घरून निघून फोनपर्यंत गेलो, बाहेरच्या बाकावर बसलो, परत आलो आणि म्हणालो, "कळवलं. येतेय." दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात आवाज झाला की मान वळवली. प्रत्येक वेळी. संध्याकाळी विचारलं, "रस्ता बंद आहे का?" मी म्हणालो, "हो, वारा आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी खरोखर फोन केला, कारण पहाटे ते गेले होते. तू दाजींच्या सायकलवर मागे बसून आलीस, केसांत वाळू, आणि ओट्यापाशी आदळलीस. "मला आधी का नाही कळवलंस?" एवढं तू विचारलंस. मी म्हणालो, "अचानक झालं." लोकांनी तुला सावरलं. मलाही सावरलं. शोक करणाऱ्या मुलाला सावरतात तसं.

आई गेली तेव्हा तिने काही सांगितलं नाही. माझा हात मात्र धरू दिला नाही. तो तिने पांघरुणात ओढून घेतला. लोकांना वाटलं थंडी वाजतेय.

फेब्रुवारीच्या शेवटी शेती खात्याची माणसं आली होती, जुनी गोट्यांची रानं मोजायला. कोणती जिवंत, कोणती मेली, का मेली. त्यात एक मुलगी होती, तिशीच्या आतली, हातांना चिखल लागायला न घाबरणारी. तिने बाबांच्या रानात हात खुपसला, अगदी बाबांसारखा, आणि मला विचारलं, "काका, शेजारची रानं याहून जुनी आहेत आणि अजून पिकतात. हे विसाव्या वर्षीच कसं गेलं? हे नांगरल्यासारखं दिसतंय." मी पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, मला कोणाची भीती? तरी तोंडातून आलं, "बहिणीने ओलीत पेरलं होतं. गाढव घातलं." तिने वहीत लिहून घेतलं. तुझं नावही विचारलं तिने आणि मी सांगितलं. दोउ माइस्वे. तिने कागदावर उतरवलं. त्या दिवसापर्यंत हे खोटं हवेत होतं, त्या दिवशी मी ते कागदावर नेलं.

आणि मग छिंगमिंग आला, पूर्वजांच्या थडग्यांवर जायचा सण. आपण दोघं दरवर्षीसारखे बाबांच्या थडग्यावर गेलो. बाबांसाठी जाळायचे कागद, चहा, कलिंगडाच्या बिया असं सगळं घेतलं आणि काडेपेटी विसरलो. मी म्हणालो, "खाली मेंढपाळाकडे मिळेल, आणतो." वाऱ्याला तोंड देऊन वर येत होतो म्हणून तुला माझी चाहूल लागली नाही. तू गुडघ्यांवर बसून मातीच्या ढिगावरचे खडे नीट लावत होतीस आणि बोलत होतीस. मी ढिगामागे थांबलो. तू म्हणालीस, "बाबा, अजून राग गेला नसेल तर माझ्यावरच ठेवा. ओलीत शिरले ती मी. तुमचं रान माझ्या हातून गेलं. पण चंगवनला सांभाळा. त्याचं घरचं रान गेलं, तरी वीस वर्षांत त्याने मला एका शब्दाने टोचलं नाही हो. असा भाऊ कोणाला मिळतो?" मग चार पावलं मागे गेलो आणि मोठ्याने ओरडलो, "ताई, मिळाली गं काडेपेटी!" तू बाहीने डोळे पुसलेस, हसलीस आणि म्हणालीस, "ये लवकर, वारा फार आहे, तुझे कान गारठतील." मी आलो. मी कागद पेटवले. तुझ्याबरोबर वाकलो. तुझ्यासाठी डबा घेऊन आलो होतो तोही तुला दिला, आणि तुला बसमध्ये बसवून दिलं. त्या दिवसापासून मी हे पत्र लिहितोय, रोज लिहितो आणि फाडतो. काल शेती खात्याच्या त्या मुलीला तालुक्याला जाऊन भेटलो, तिला तुझं नाव खोडून माझं लिहायला सांगितलं. तिने कारण विचारलं, ते सांगितलं. तिने पेन माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "तुम्हीच लिहा." मी लिहिलं. आज सकाळी छ्याओल्येनला सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. मी क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही, ताई. तू देशील, मी तुला ओळखतो, आणि तेच मला सहन होणार नाही, म्हणून देऊ नकोस. मी एवढ्यासाठीच लिहितोय, की पुढच्या वर्षी तू बाबांपुढे बसशील तेव्हा तू त्यांची माफी मागू नयेस. त्यांचा तुझ्यावर राग नव्हता. त्यांना शेवटी तुझ्याकडून फक्त ऐकायचं होतं की तू गाढव घातलं नव्हतंस, आणि ते ऐकू न देणारा मी होतो. तू जाशील तेव्हा त्यांना ते सांग, तुझ्याच तोंडाने. मी बरोबर यावं की येऊ नये, हे तू ठरव.

तुझाच म्हणायचा हक्क मी वीस वर्षांपूर्वीच गमावला, तरी दुसरं काही म्हणता येत नाही,
तुझाच,
चंगवन